चार काट्यांचं घड्याळ

राजाबाई टॉवरच्या घड्याळाला त्या दिवशी चार काटे होते. दोन तासांचे, दोन मिनिटांचे, सगळे एकमेकांपासून केसभर सरकलेले. ओव्हल मैदानाच्या कुंपणाला टेकून मी एका जुन्या रशियन कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून उभा होतो. मैदानावर क्रिकेटचे सात-आठ सामने एकात एक मिसळून चालले होते आणि कुठला चेंडू कुठल्या सामन्यातला हे फक्त त्या पोरांनाच कळत होतं. लेन्स मी अनंताच्या खुणेवर, म्हणजे आडव्या पडलेल्या इंग्रजी आठावर, नेऊन ठेवली होती. एवढ्या लांबचा टॉवर कॅमेऱ्याच्या हिशेबात अनंतच. तिथे दोन प्रतिमा एक व्हायला हव्या होत्या. होत नव्हत्या. कॅमेरा विकत घेऊन जेमतेम दीड तास झाला होता.

रेंजफाइंडर ज्यांनी हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मोबाईलच्या आधी आपल्याकडे जे ‘मोठे’ कॅमेरे आले, त्यांच्यात आरसा असायचा. लेन्समधून आलेलं दृश्य त्या आरशावरून डोळ्यापर्यंत यायचं. लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला. रेंजफाइंडरमध्ये तसं नाही. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून बोटा-दोन बोटांच्या अंतरावर. अंगठा नाकासमोर धरून एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटला की अंगठा उडी मारतो ना, तीच गंमत इथे कामाला लावली आहे. एका खिडकीतून आपण पाहतो. दुसरीतून आलेली प्रतिमा आतल्या आत वळून पहिलीच्या मध्यावर एका फिकट ठिपक्यात पडते. लेन्स फिरवली की तिच्या मागचा दांडा हलतो आणि ठिपक्यातली प्रतिमा सरकते. दोन नाकांचं एक नाक झालं की समजायचं, अंतर जुळलं. आणि हे सगळं चाललेलं असताना लेन्स स्वतः काय पाहते आहे, हे आपल्याला कधीच दिसत नाही. खिडकीतलं जग सदैव स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत स्पष्ट. चूक झाली तरी ती खिडकी सांगत नाही.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळायला पैसे मोजावे लागले.

खरं तर मला जर्मन लायका हवा होता. आमच्या घरी वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता, बारा फोटोंचा. एक रोल गणपतीत घातला की संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत पुरायचा. लायका ही वस्तू मी फक्त छापील पाहिली होती. १९२५ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत ती पहिल्यांदा विक्रीला मांडली गेली. सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून खिशात मावेल असा कॅमेरा करायची ऑस्कर बार्नाकची ती कल्पना. अंतर मोजायची खिडकी लेन्सला जोडून मिळाली ती १९३२ च्या मॉडेलमध्ये. त्याच वर्षी फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या हातात लायका आला आणि सोळा वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी, तो दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींसमोर बसला होता. त्याला निघून फार वेळ झाला नाही तोच गोळ्या झाडल्या गेल्या. त्या रात्री फाटकावर चढून बातमी सांगणारे नेहरू त्याने टिपले. हा माणूस जन्मभर मुख्यतः एकाच पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर राहिला, हे मी बायकोला दोन-तीनदा ऐकवलं. एकच लेन्स लागणार, म्हणजे खर्च एकदाच. ती म्हणाली, “अहो, त्यांचं ठीक आहे. तुम्ही गांधीजींना भेटणार आहात का?”

लायकाच्या एम-थ्रीची, म्हणजे १९५४ सालच्या मॉडेलची, आजची किंमत विचारून आलो. तेवढ्यात चांगली स्कूटर येते. विषय मिटला.

मिटला असं वाटलं. पण एका शुक्रवारी चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या तोंडाशी एका माणसाने फडक्यातून सोनेरी लायका काढून दाखवला. पितळेचा झगझगीत रंग, लालसर कातडं, वर जर्मन गरुड आणि युद्धकाळातली अक्षरं. “साब, हिटलर के टाइम का है. ओरिजिनल.” किंमत त्याने स्कूटरच्या एक चतुर्थांश सांगितली आणि मी नको म्हणायच्या आत निम्मी केली. मी लेन्स काढून आत पाहिलं. लेन्सच्या मागच्या कडेवर टेकून अंतर मोजणारा दांडा असतो. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला बारीक गोल चाक फिरतं. इथे चाक नव्हतं, पाचरीसारखं बोथट टोक होतं. म्हणजे अंगावर जर्मन झूल चढवलेला रशियन कॅमेरा. असे सोनेरी लायका जगभरच्या बाजारांत आहेत आणि बहुतेकांच्या पोटात एकतर फेड असतो, नाहीतर झॉर्की.

फेडची कुळकथा तर अशी की खोट्या सोन्याची गरजच पडू नये. खार्किवला बेवारस मुलांची एक कम्यून होती. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांचं नाव येतं ते मकारेंको तिथले प्रमुख. त्या मुलांच्या कारखान्यात तीसच्या दशकात लायकाची हुबेहूब नक्कल निघू लागली. नाव ठेवलं सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एद्मुंदविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून. पोरक्या मुलांनी बनवलेला आणि गुप्त पोलिसांच्या नावाचा कॅमेरा. गोष्ट म्हणून कुणी लिहून आणली असती तर संपादकाने परत पाठवली असती.

त्या माणसाला मी म्हटलं, सोनं नको, बिनसोन्याचा असेल तर बघू. त्याने हसून मागच्या पेटीतून एक झॉर्की-फोर काढला. माझी आणि झॉर्कीची गाठ पडली ती अशी. पन्नाशीच्या लोकांना रशियन वस्तूंचं एक वेगळंच वेड आहे, हे आधीच कबूल करतो. ‘सोव्हिएत देश’च्या गुळगुळीत पानांची कव्हरं आमच्या वह्यांना असायची आणि प्रगती प्रकाशनाची जाडजूड चित्रांची पुस्तकं चण्याच्या भावात मिळायची. त्यामुळे रशियन अक्षरं दिसली की माझी घासाघीस करायची शक्ती निम्म्यावर येते. झॉर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात हे मॉडेल सतरा लाखांहून जास्त निघालं. त्यामुळे दुर्मीळ वगैरे कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नये. माझ्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे सहा आणि नऊ, म्हणजे तो १९६९ चा. वजन म्हणाल तर पिशवीत घातल्यावर पिशवी खांदा सोडत नाही. फिल्म पुढे सरकवायला खटका नाही, चाक फिरवावं लागतं, घड्याळाला चावी द्यावी तसं. प्रकाश मोजायची सोय नाही. खिडकीच्या बाजूला मात्र एक चिमुकली दांडी आहे. ती फिरवली की चष्मा न लावता स्पष्ट दिसतं. चाळिशी लागलेल्या माणसाचा एवढा विचार केलेला पाहून बरं वाटलं.

“अंदर से एकदम कोरा है, देखो,” म्हणत त्याने बुडाच्या दोन चाव्या फिरवल्या आणि मागचं अख्खं पाठाण सर्रकन खाली ओढून काढलं. आत फिल्म होती. अर्धी डावीकडच्या डबीत, अर्धी उजवीकडे गुंडाळलेली. चोर बाजारातल्या अकराच्या उन्हात ती क्षणभर राखाडी चमकली. त्याने घाईने पाठाण लावलं आणि म्हणाला, “रोल फ्री.”

साडेपाच हजारांत कॅमेरा, लेन्स आणि तो उजेड खाल्लेला रोल घेऊन मी ओव्हलवर आलो आणि घड्याळाला चार काटे पाहिले.

तिथून चालत बोरा बाजार. फोटोग्राफीचं सामान घेणाऱ्या मुंबईकरांना ही गल्ली सांगायला नको. तिथल्या एका जिन्याच्या वर, दोरी धरून चढायच्या जिन्याच्या, एक काका बसतात. नाव लिहिलं तर त्यांच्याकडे गर्दी होईल आणि ती त्यांना आवडणार नाही. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, समोर चिनीमातीच्या बशीत मोहरीएवढे स्क्रू. त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: “चावी न देता स्पीड फिरवलात का?” मी नाही म्हटलं. “फिरवू नका. आधी चावी, मग स्पीड. उलटं केलंत की आतला खिळा मोडतो, आणि मग माझ्याकडे येऊ नका.”

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. टॉर्च पेटवून लेन्समधून आरपार पाहिलं. पाठाण काढून शटरचा पडदा दिव्यासमोर धरला. हा पडदा रबर चढवलेल्या कापडाचा असतो. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा उन्हात विसरला तर भिंगाने कागद जळावा तसं त्याला भोक पडतं, कारण मध्ये आरसा नाही. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्चसमोर मला दाखवलं. काळ्या पडद्यावर दोन चांदण्या होत्या. एक सेकंदाचा स्पीड लावून शटर दाबलं तर ते कण्हत कण्हत अडीच सेकंदांनी मिटलं. “ग्रीसचा दगड झालाय.”

“आणि ते चार काटे?”

काकांनी कपाळावरचा एक बारीक स्क्रू काढला. आत दुसरा स्क्रू होता. खिडकीतून दूरच्या इमारतीच्या गच्चीवरचा अँटेना पाहत त्यांनी तो स्क्रू किती फिरवला म्हणू? मिनिट काटा एका मिनिटात जातो तेवढा. “बघा आता.” अँटेना एक झाला होता. मी ज्याला कॅमेऱ्याचा मरणप्राय दोष समजत होतो तो पाव मिनिटाच्या कामाचा निघाला. आणि जे मला दिसलंच नव्हतं, ती भोकं आणि ते ग्रीस, त्याला दोन आठवडे आणि बावीसशे रुपये लागले.

माझं मत विचाराल तर हे व्यवहाराचं खरं सूत्र आहे. जुना कॅमेरा घ्यायचा असेल तर आधी दुरुस्त करणारा माणूस शोधावा, मग कॅमेरा. लोक उलट करतात. सहा महिने लायका बरा की कॅनन यावर वाद घालतात, आणि विकत घेतल्यावर कळतं की हे उघडणारा शहरात कुणी उरलेला नाही.

लेन्सचं प्रकरण जरा वेगळं आहे, तिथे स्वस्ताईला प्रतिष्ठा आहे. जुन्या लायकाचे एकोणचाळीस मिलिमीटरचे आटे रशियनांनी उचलले, जपान्यांनी उचलले, त्यामुळे त्या मापाच्या लेन्सांचा खंडोगणती माल जगात आहे. नळाच्या तोटीसारखी फिरवून बसवायची. नव्या एम लायकावरही एक मिलिमीटर जाडीची चकती मध्ये घालून ती चालते, कारण दोन्ही मापांत फरक बरोबर तेवढाच ठेवला आहे. महाग ते चांगलं हा समज तर १९५० सालीच मोडला. डेव्हिड डग्लस डंकन या अमेरिकन छायाचित्रकाराने तोक्योत निक्कोरच्या लेन्स आपल्या लायकावर लावून पाहिल्या, कोरियाच्या युद्धावर त्याच घेऊन गेला, आणि तोवर स्वस्त नक्कल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जपानी काचेचा भाव वधारला.

माझ्या झॉर्कीवर आली ती ज्युपिटर-आठ, पन्नास मिलिमीटर, एफ दोन. मूळची ही झाइसची सोनार, लुडविग बेर्टेलेने आखलेली. महायुद्ध संपल्यावर नुकसानभरपाई म्हणून जर्मनीतली यंत्रं, आराखडे, काच सगळं रशियात गेलं आणि सोनारचं बारसं गुरू ग्रहाच्या नावाने झालं. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं, पाण्याचा पेला उचलल्यासारखं. तिच्या अ‍ॅपर्चरच्या कड्याला टिकटिक नाही. अंतर जुळवायला लेन्स फिरवली की ते कडंही सोबत फिरतं, त्यामुळे एफ चार कुठे गेला हे पाहायला दरवेळी कॅमेरा तोंडाकडे वळवावा लागतो. रस्त्यावरच्या लोकांना वाटतं हा माणूस कॅमेऱ्याला काहीतरी विचारतो आहे. पण दुपारच्या उन्हात एफ आठला तिने काढलेला फोटो आणि तिच्या चाळीसपट किमतीच्या लेन्सचा फोटो शेजारी ठेवले तर मी ओळखू शकत नाही. तुम्ही ओळखत असाल तर नमस्कार.

एक खोड मात्र आहे. रशियन लेन्स जपानी किंवा जर्मन कॅमेऱ्यावर लावली तर लांबचं सगळं सुरळीत, पण हातभर अंतरावर एफ दोनला दोघांचं पटत नाही. मित्राच्या कॅनन पी-वर आम्ही ती लावली. खिडकीत त्याच्या डोळ्यांवर जुळवलं, फोटोत स्पष्टता भलतीकडेच. दोन्ही कारखान्यांनी लेन्सचं प्रमाण माप किंचित वेगळं धरलं होतं. माणसाने अ‍ॅपर्चर साडेपाचपर्यंत मिटवावं आणि भांडणात पडू नये.

इतर लेन्स मी थोडक्यात आटोपतो. इंडस्टार-एकसष्ट दिसायला ओबडधोबड, एफ २.८, ज्युपिटरहूनही स्वस्त आणि बहुधा जास्त इमानी. पस्तीसची ज्युपिटर-बारा फार सुंदर, पण तिची मागची काच घुबडाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली असते, काही कॅमेऱ्यांत ती आत आपटते. शिवाय झॉर्कीची खिडकी फक्त पन्नासची. पस्तीससाठी वर वेगळी खिडकी घ्यावी लागते, आणि ती खिडकी लेन्सपेक्षा महाग! जपानी कॅनन चांगल्या, पण आत धुकं आहे का हे टॉर्चने पाहून. नव्या घ्यायच्या तर फोइग्टलँडर हे जुनं जर्मन नाव लावून जपानच्या कोसिनाने काढलेल्या आहेत, अलीकडे चिनीही येतात. मी त्या वाटेला गेलो नाही. एका लेन्सला मी अजून पुरलेलो नाही.

फिल्मचा आणि धुण्याचा मिळून आता असा खर्च येतो की बोट दाबताना हात आखडतो. प्रकाश मोजायला काकांनी मला एक ओळ दिली: “उन्हात सोळा, ढगात आठ, सावलीत चार.” चारशेची फिल्म, स्पीड पाचशेवर ठेवायचा, बाकी आकाशाकडे बघायचं. मुंबईत हे जमतं. मंगल कार्यालयात जमत नाही.

गेल्या मे महिन्यात भाच्याची मुंज होती. मी मामा, म्हणजे कामाचा माणूस, पण कॅमेरा घेऊन गेलोच. मातृभोजनाला बहीण पाटावर बसली, शेजारी तो, समोर अष्टवर्गाची पोरं. आईच्या ताटात जेवायची ही शेवटची वेळ, असं गुरुजी सांगत होते आणि बहीण मान खाली घालून लाडू मोडत होती. मी खाली बसलो. खिडकीत दोन नथी दिसत होत्या, सावकाश एक केल्या. एफ दोन, तिसावा भाग सेकंद, श्वास धरून. तिने घास भरवला, तिने डोळे पुसले, त्याने पाणी मागितलं. नऊ फोटो काढले. आयुष्यात एवढं नेमकं जुळवलं नव्हतं. तेवढ्यात तो गाल फुगलेल्या अवस्थेत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मामा, झाकण!”

लेन्सवर झाकण होतं. आरशाचा कॅमेरा असता तर पहिल्यालाच अंधार दिसला असता. इथे खिडकीत नथ, लाडू, डोळे सगळं लख्ख होतं. गुरुजींसकट सगळे हसले. मी झाकण ओढून दहावा फोटो घाईत घेतला. त्यात बहीण तोंडाला पदर लावून हसते आहे, जरा पुसट, कारण स्पष्टता ताटातल्या लाडवावर पडली आहे. लाडवाचा रवा मोजता येतो. तिने तो मोठा करून घेतला आणि हॉलमध्ये लावला. झाकण मी घरी येऊन कचऱ्यात टाकलं.

पावसाळ्यात कॅमेरा पापडाच्या डब्यात असतो. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. लेन्स आणि पापड यांचा शत्रू एकच. कपाटात, चामड्याच्या पाकिटात ठेवला की जुलैअखेर काचेवर बुरशीची कोळीष्टकं धरतात आणि एकदा ती काचेच्या लेपात रुतली की काकाही हात जोडतात. डब्याला किंचित हिंगाचा वास आहे. तो कॅमेऱ्यालाही लागला आहे. क्रास्नोगोर्स्कला कुणी याची कल्पना केली नसेल.

राहिला तो फुकटचा रोल. मी तो टाकूनच देणार होतो. काका म्हणाले, “थांबा. पहिले काढलेले फोटो सगळ्यात आत गुंडाळलेले असतात. बाहेरच्या वेढ्यांनी उजेड खाल्ला असेल, आतले कधी वाचतात.” त्यांनीच तो धुवून दिला. काढलेल्या फोटोंची पट्टी बहुतेक सगळी काळी ठिक्कर. कडेला ओर्वोचं नाव होतं, पूर्व जर्मनीची फिल्म, एके काळी आपल्याकडे सर्रास मिळायची. सुरुवातीच्या दोन चौकटींत मात्र काहीतरी होतं. पहिलीत लाकडी गजांची गॅलरी आणि दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी. दुसरीत तीच गॅलरी, नऊवारी बाजूला सारून बाहेर येणारी एक बाई. तिचा चेहरा उजेडात गेला आहे. खांदा आणि बांगड्यांचा हात तेवढा शिल्लक आहे. तिच्यापुढचे पंधरा-वीस फोटो चोर बाजारात माझ्यासमोर, माझ्यासाठी म्हणून, उडाले.

तुमच्याही माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात एखादा जुना कॅमेरा असेल. तो काढलात तर मागचं झाकण लगेच उघडू नका. फिल्म परत गुंडाळायचं वरचं चाक बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून बघा. सैल फिरलं तर कॅमेरा रिकामा आहे. अडलं, तर आत फिल्म आहे.